बातमी फुटते तेव्हा

९ डिसेंबर २००५ रोजी सकाळच्या बातम्या चालू असताना मेक्सिकोच्या दोन्ही मोठ्या वाहिन्यांनी कॅमेरा एका वाडीवर नेला. राजधानीहून कुएर्नावाकाकडे जाणाऱ्या महामार्गालगतची ही वाडी. एएफआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे पोलीस बंदुका रोखून आत घुसत होते. ओलीस ठेवलेली माणसं सुटली. इस्राएल वायार्ता नावाचा इसम पकडला गेला आणि त्याच्याबरोबर त्याची फ्रेंच मैत्रीण फ्लोरांस कासे. हे सगळं थेट प्रक्षेपणात. छापा आणि कॅमेरा यांची वेळ इतकी बेमालूम जुळली होती की शंका यायला हवी होती. पण अपहरणांनी हैराण झालेल्या देशाला त्या सकाळी शंका नको होती, दिलासा हवा होता.

दोन महिन्यांनी एएफआयचा प्रमुख दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात पाहुणा म्हणून बसला असताना खुद्द कासेचा कोठडीतून फोन आला. मला आदल्याच दिवशी, म्हणजे आठ तारखेला, रस्त्यात पकडलं होतं, असं तिने त्याला अख्ख्या देशासमोर सुनावलं. मग यंत्रणेला कबूल करावं लागलं की छापा पुन्हा घडवून दाखवला होता, म्हणे पत्रकारांनी विनंती केली म्हणून! कासेला आधी ९६ आणि नंतर ६० वर्षांची शिक्षा झाली. २०१३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं. ती दोषी की निर्दोष यात न्यायालय शिरलं नाही. तिचे हक्क पोलिसांनी पायदळी तुडवले, एवढं कारण पुरेसं ठरलं. वायार्ता मात्र शिक्षेचा निकाल न लागताच २०२५ पर्यंत आत होता. जवळजवळ वीस वर्षं.

त्या प्रमुखाचं नाव हेनारो गार्सिया लूना. छाप्याचं सोंग उघडं पडल्यावर त्याची बदली कुठल्यातरी अडगळीच्या खात्यात व्हावी, ही आपली भाबडी अपेक्षा. त्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, फेलिपे काल्देरोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी गार्सिया लूनाला सार्वजनिक सुरक्षा खात्याचा मंत्री केलं. काही दिवसांतच काल्देरोन यांनी आपल्या मिचोआकान राज्यात काही हजार सैनिक आणि पोलीस उतरवले. मेक्सिकोचं ‘अमली पदार्थांविरुद्धचं युद्ध’ म्हणतात ते इथून सुरू झालं. सहा वर्षं त्या युद्धाचा पोलिसी सेनापती होता गार्सिया लूना. त्याच्या हाताखालचं केंद्रीय पोलीस दल काही हजारांवरून ३५ हजारांच्या पुढे गेलं. अमेरिकेच्या मेरिडा योजनेतून १४० कोटी डॉलरची मदत मंजूर झाली. हेलिकॉप्टरं आली, संगणक आले, देशभरच्या गुन्ह्यांची आणि पोलिसांची माहिती एका जागी ठेवणारी ‘प्लाताफोर्मा मेहिको’ ही प्रणाली उभी राहिली. वॉशिंग्टनचे बडे लोक त्याच्याशी हस्तांदोलन करताना फोटो काढून घेत होते. पुढे हेच फोटो त्याच्या वकिलाने न्यायालयात दाखवले.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रुकलिनच्या संघीय न्यायालयातल्या ज्यूरीने त्याला पाचही आरोपांत दोषी धरलं. सिनालोआ टोळीकडून लाखो डॉलर घेऊन कोकेनच्या वाहतुकीला हात दिला, आणि अमेरिकेचं नागरिकत्व मागताना खोटं बोलला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायाधीश ब्रायन कोगन यांनी त्याला ३८ वर्षांहून अधिक कैद आणि २० लाख डॉलर दंड ठोठावला. सिनालोआ टोळीचा म्होरक्या एल चापो गुस्मान याला जन्मठेप देणारे न्यायाधीशही हेच. गोड बोलणं सोडलं तर तू आणि चापो एकाच जातकुळीचे, अशा आशयाचं ते त्याला म्हणाले. अमेरिकेत खटला चालून दोषी ठरलेला इतक्या वरच्या हुद्द्याचा मेक्सिकन अधिकारी त्याआधी कुणी नव्हता.

नेटफ्लिक्सवर ‘नार्कोस’ पाहून आपल्याकडे अनेकांच्या मनात या धंद्याचं एक चित्र पक्कं झालं आहे. सुटकेसभर नोटा, ‘चांदी की शिसं’ असा दम, आणि पोलिसाने फिरवलेली पाठ. हे चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. पाठ फिरवणं हा स्वस्त माल. नाक्यावरच्या हवालदाराला हप्ता दिला की ट्रक पुढे जातो. तेवढ्यासाठी मंत्री कशाला लागतो? टोळी वरच्या पातळीवर पैसे मोजते ती बातमीसाठी. छापा कधी पडणार, कुणाचा फोन ऐकला जातोय, आपल्यातला कोण फुटलाय, आणि सगळ्यात महाग म्हणजे शत्रू टोळीचा माणूस आज रात्री कुठे झोपणार आहे.

ब्रुकलिनच्या साक्षींमध्ये हे ठायी ठायी दिसतं. सेर्हिओ वियार्रेआल, टोपणनाव ‘एल ग्रान्दे’, हा स्वतः आधी पोलीस आणि मग सिनालोआ टोळीतल्या बेल्त्रान लेवा बंधूंचा माणूस. टोळीचा धंदा वाढत गेला तसा गार्सिया लूनाचा हप्ताही वाढत गेला आणि महिन्याला पंधरा लाख डॉलरपर्यंत पोचला, असं त्याने सांगितलं. त्या बदल्यात एएफआयचे गणवेश मिळत, ओळखपत्रं मिळत, तपासाचे तपशील मिळत, आणि प्रतिस्पर्ध्यांवर पोलिसांसोबत ‘संयुक्त’ कारवाया होत. सिनालोआ टोळीच्याच ‘एल रेय’ साम्बादाने राजधानीतल्या एका उपाहारगृहात पैशांच्या बॅगा पोचवल्याचं सांगितलं. युद्धात एका टोळीचे पुढारी धडाधड पकडले जात होते आणि दुसरीचे क्वचितच. सरकार त्याला यश म्हणत होतं.

बचाव पक्षाचा मुद्दा साधा होता, आणि तो झटकून टाकता येत नाही. पैसे घेतानाचं चित्रीकरण नाही, ध्वनिमुद्रण नाही, बँकेचा कागद नाही. साक्षीदार कोण, तर खुनी आणि तस्कर, ज्यांना साक्षीच्या बदल्यात शिक्षेत सूट हवी आहे. मेक्सिकोला याचा वाईट अनुभव आहे. २००८ मध्ये ‘ऑपरेशन लिम्पिएसा’ म्हणजे सफाई मोहीम नावाने मोठी धरपकड झाली. संघटित गुन्हेगारीविरोधी विभागाचा माजी प्रमुख नोए रामिरेस याने टोळीकडून महिन्याला साडेचार लाख डॉलर घेतल्याचा आरोप झाला. पुरावा मुख्यतः एका संरक्षित साक्षीदाराचा. २०१३ मध्ये रामिरेस निर्दोष सुटला, साक्षीदाराची विश्वासार्हता पार धुळीला मिळाली होती. म्हणजे भ्रष्टाचाराचा आरोप हेही तिथे एक हत्यार आहे, आणि ते कुणाच्या हाती आहे हे दर वेळी पाहावं लागतं. तरीही गार्सिया लूनाबाबत मला ज्यूरीचं पटतं. एकमेकांचे गळे कापलेले, वेगवेगळ्या टोळ्यांचे लोक वेगवेगळ्या तुरुंगांतून येऊन एकाच माणसाबद्दल एकच व्यवहार सांगतात, तेव्हा तो नुसता कट वाटत नाही.

या व्यवहारातली रक्ताची बाजू दिसायला २००८ साल पुरेसं आहे. त्या जानेवारीत बेल्त्रान लेवा बंधूंपैकी आल्फ्रेदो कुलियाकानमध्ये पकडला गेला. त्याला चापोनेच पकडून दिला, असं भावांनी धरलं आणि सिनालोआची टोळी उभी फुटली. ज्या पोलिसांनी दोन्हीकडून पैसे खाल्ले होते त्यांना आता बाजू निवडावी लागली. ८ मे रोजी केंद्रीय पोलिसांचा हंगामी आयुक्त एदगार मियान रात्री घरी परतला, तर मारेकरी आत दबा धरून बसलेला. घराच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. कट रचल्याच्या आरोपावरून जो पकडला गेला तो केंद्रीय पोलीस दलातलाच अधिकारी होता.

आता जरा खाली उतरू, कारण मंत्र्यांच्या गोष्टीत गल्लीतला पोलीस हरवतो. सिउदाद हुआरेसमध्ये त्याच वर्षी जानेवारीत, कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांच्या स्मारकावर कुणीतरी एक फलक लावून गेलं. वरच्या भागात ‘ज्यांना पटलं नाही’ म्हणून मारल्या गेलेल्या पोलिसांची नावं आणि खाली ‘ज्यांना अजून पटत नाही’ म्हणून सतरा नावं. पुढच्या महिन्यांत त्या दुसऱ्या यादीतले एकामागून एक मारले जाऊ लागले, उरलेले पळाले. वर्षभराने टोळीने शहराच्या पोलीसप्रमुखाला बजावलं की तू राजीनामा देईपर्यंत दर ४८ तासांनी तुझा एक पोलीस मरेल. मुदत पाळली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये रोबेर्तो ओर्दुन्या या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ते पद सोडलं. जवळच्याच प्राक्सेदिस गावात पोलीसप्रमुख व्हायला कुणी पुरुष तयार होईना, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये मारिसोल वायेस या वीस वर्षांच्या, गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या मुलीने ते पद घेतलं. जगभर तिचे फोटो छापून आले. पाच महिन्यांत तिला तान्ह्या बाळासह सीमा ओलांडून अमेरिकेत आश्रय मागावा लागला.

स्मारकावरच्या त्या यादीत प्रामाणिक पोलीस किती आणि दुसऱ्या टोळीचे पगारी किती, हे बाहेरच्याला कळायला वाव नाही. टोळ्यांच्या भाषेत ज्याला ‘प्लाझा’ म्हणतात, म्हणजे एखाद्या शहरात किंवा पट्ट्यात धंदा करण्याचा ठेका, तो बदलला की पोलीस ठाण्याचा मालकही बदलतो. जुन्या मालकाशी इमान राखणारा मरतो, आणि कुणाचाच नसलेलाही मरतो.

हा ठेका पूर्वी सरकारच देत असे. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत डीएफएस नावाची गुप्तचर यंत्रणा डाव्यांना चिरडण्याचं काम करायची आणि तिची ओळखपत्रं तस्करांच्या खिशात असायची. तस्करांना एका छत्राखाली आणणारा मिगेल आंखेल फेलिक्स गायार्दो हा आधी सिनालोआचा पोलीस. फेब्रुवारी १९८५ मध्ये डीईए या अमेरिकी अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा अधिकारी एन्रिके कामारेना ग्वादालाहारात पळवला गेला, छळून मारला गेला. त्याला पळवणाऱ्यांत राज्याचे पोलीस होते. मुख्य संशयित राफाएल कारो किन्तेरो विमानतळावर पोलिसांनी घेरलेला असताना कमांडरने त्याला विमानात बसू दिलं. त्याच्या आदल्या वर्षी पत्रकार मानुएल बुएन्दियाचा खून झाला होता आणि तपासाची सूत्रं सगळ्यात आधी हातात घेणारा डीएफएसचा प्रमुख पुढे त्याच खुनात दोषी ठरला. १९८५ मध्ये डीएफएस बरखास्त झाली. तिचे लोक इकडेतिकडे पांगले, बरेचसे दुसऱ्या पोलीस दलांत.

तेव्हापासून एक रीत पडली आहे. जुनी यंत्रणा सडली की नवी, ‘स्वच्छ’ यंत्रणा काढायची. डिसेंबर १९९६ मध्ये कडक शिस्तीचे म्हणून जनरल हेसूस गुतिएरेस रेबोयो यांना अमली पदार्थविरोधी संस्थेचं प्रमुख केलं. अमेरिकेचे तत्कालीन अमली पदार्थ धोरणप्रमुख बॅरी मॅककॅफ्री यांनी त्यांच्या सचोटीचे जाहीर गोडवे गायले. जेमतेम दहा आठवड्यांत जनरल गजाआड. तिखुआनाच्या टोळीवर ते तुटून पडायचे ते ‘आकाशाचा स्वामी’ आमादो कारियो फुएन्तेसच्या वतीने. अमेरिकेने त्यांना दिलेल्या माहितीचं काय झालं असेल, याचा विचार करून वॉशिंग्टनची झोप उडाली असणार. मग ती संस्था मोडून आणखी नवी संस्था. २००१ मध्ये एएफआय, तिचा पहिला प्रमुख गार्सिया लूना. मग केंद्रीय पोलीस. तिथेही २५ जून २०१२ रोजी मेक्सिको सिटीच्या विमानतळावर, टर्मिनल २ च्या खाद्यगृहांच्या आवारात, प्रवाशांच्या देखत केंद्रीय पोलिसांनी केंद्रीय पोलिसांवर गोळ्या झाडल्या. तिघे ठार. मारणारे कोकेनच्या वाहतुकीत होते, मरणारे त्यांना पकडायला आले होते. त्यानंतर विमानतळावरचे सगळेच्या सगळे ३४८ केंद्रीय पोलीस बदलले गेले.

या रीतीतली गोम अशी, की यंत्रणा जितकी विश्वासाची, तितकी तिच्याकडे जास्त माहिती येते; आणि माहिती जितकी जास्त, तितका तिथे बसलेल्या माणसाचा भाव चढा. स्वच्छतेचं प्रमाणपत्रच मग सगळ्यात महाग विकलं जातं.

रेबोयो प्रकरणाच्या वर्षीच, १९९७ मध्ये, डीईएने मेक्सिकोत एसआययू नावाचं विशेष तपास पथक उभारलं. निवडक पोलीस, अमेरिकेत प्रशिक्षण, खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवून घेतलेल्या चाचण्या. अमेरिकेची सगळ्यात नाजूक बातमी याच पथकाकडे जायची. मार्च २०११ च्या सुमारास अशी एक बातमी गेली. डॅलसमधल्या डीईए अधिकाऱ्यांनी एका तस्कराला वळवून झेटास टोळीच्या म्होरक्यांच्या, मिगेल आंखेल आणि ओमार त्रेविन्यो या भावांच्या, ब्लॅकबेरी फोनचे ओळखक्रमांक मिळवले होते. हे भाऊ फोन सतत बदलत. क्रमांक हाती असेपर्यंत त्यांचा ठावठिकाणा काढता येणार होता. माहिती देणाऱ्यांचा जीव धोक्यात होता. डीईएतल्या वरिष्ठाने क्रमांक मेक्सिकोतल्या विशेष पथकाकडे पाठवले. थोड्याच काळात त्रेविन्यो बंधूंना कळलं की आपले क्रमांक फुटलेत.

झेटास ही लष्करातून फुटलेल्या कमांडोंनी घडवलेली टोळी. तिचा सूड लष्करी पद्धतीचा असतो. कोआविला राज्यात, टेक्सासच्या सीमेपासून तासाभराच्या आत, आयेंदे नावाचं वीसेक हजार वस्तीचं गुराढोरांचं गाव आहे. भावांना ज्यांचा संशय आला ती माणसं या भागातली, आणि ती आधीच सीमेपार पळालेली. १८ मार्चच्या संध्याकाळी बंदूकधाऱ्यांनी भरलेल्या गाड्या गावात शिरल्या. संशयितांचे नातेवाईक, त्यांच्या वाडीवरचे गडी, त्यांच्याशी नुसतं आडनाव जुळणारे लोक, बायका, मुलं, म्हातारे पकडून नेले गेले. त्यांना मारून प्रेतं जाळली. घरं लुटली गेली, गावकऱ्यांनाही लुटायला मोकळीक दिली, मग यंत्रं लावून घरं पाडली. आगीचे लोळ दिसत होते, फोन घणघणत होते. कुणी गेलं नाही.

गावचे पोलीस होते ना? होते. त्यांना मदतीच्या हाकेला जायचं नाही असा हुकूम होता, आणि त्या आडनावाचं कुणी सापडलं तर पकडून टोळीच्या हवाली करायचं. मेक्सिकोच्या एल कोलेहिओ दे मेहिको या संस्थेतले संशोधक सेर्हिओ आगुआयो यांनी आपल्या अहवालात हा सहभाग कागदोपत्री मांडला आहे. त्यांच्या पुढच्या अहवालाचा विषय जवळच्या पिएद्रास नेग्रासचा सरकारी तुरुंग. तो झेटासने ठाणं म्हणून वापरला. आत टोळीचे गणवेश शिवले जात, गाड्यांत चोरकप्पे बसवले जात, आणि माणसांना आणून पिंपात जाळलं जाई. तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

आयेंदेत आणि आसपास किती मेले? सरकारी तपासाने मोजलेले काही डझन, नातेवाईक सांगतात ३०० च्या आसपास. गंभीर तपास सुरू व्हायलाच २०१४ उजाडलं. त्या तीन वर्षांत पाडलेली घरं रस्त्यावर उघडी होती, त्यांच्यासमोरून सरकारी गाड्या जात होत्या. २०१९ मध्ये सरकारने गावात येऊन जाहीर माफी मागितली. बातमी कुठून फुटली हे जगाला कळलं ते त्याआधी, २०१७ मध्ये, अमेरिकी पत्रकार जिंजर थॉम्पसन यांनी वाचलेल्यांना, मारणाऱ्यांना आणि डीईएवाल्यांना बोलतं केलं तेव्हा. मेक्सिकोतले पत्रकार अशी कामं करत नव्हते असं नाही. आनाबेल एर्नान्देस यांनी गार्सिया लूनाचे लागेबांधे २०१० मध्येच पुस्तकात छापले होते, आणि त्यानंतर त्यांना अंगरक्षकांच्या पहाऱ्यात राहावं लागलं. कुलियाकानच्या ‘रिओदोसे’ साप्ताहिकाचे हाविएर वाल्देस यांना २०१७ च्या मे महिन्यात कार्यालयाजवळ भर दुपारी गोळ्या घातल्या गेल्या.

२००८ ते २०१६ या काळात एसआययूचा प्रमुख इवान रेयेस आर्साते होता. चाचण्या पास झालेला, अमेरिकेत शिकलेला. २०१७ मध्ये तो शिकागोत शरण आला. अमेरिकी तपासाची माहिती तस्करांना पुरवल्याबद्दल तिथे शिक्षा झाली, आणि मग ब्रुकलिनमध्ये बेल्त्रान लेवांशी जोडलेल्या तस्करांकडून पैसे खाल्ल्याच्या कबुलीवर २०२२ मध्ये दहा वर्षं. आयेंदेची बातमी फोडल्याचा आरोप मात्र या खटल्यांत नव्हता.

आणि अमेरिका? रोबर्टा जेकबसन या मेक्सिकोतल्या माजी अमेरिकी राजदूतबाईंनी २०२० मध्ये सांगून टाकलं की गार्सिया लूनाबद्दलची कुजबुज दोन्ही सरकारांच्या कानांवर होती, पण काम त्याच्याबरोबरच करायचं होतं. हे फार प्रामाणिक वाक्य आहे आणि फार भयंकरही. ज्याच्याबद्दल कुजबुज आहे त्याच्या खात्याकडे खबऱ्यांच्या जिवाशी बांधलेली बातमी पाठवायची, आणि छापा पडला की फोटो काढायचा. न पडला तर मरणारे आपले नागरिक नसतात.

पुढे चक्र उलटं फिरलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने मेक्सिकोचे माजी संरक्षणमंत्री जनरल साल्वादोर सिएनफुएगोस यांना लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पकडलं. मेक्सिकोच्या लष्कराने आणि सरकारने एवढा दबाव आणला की महिन्याभरात त्यांना परत पाठवावं लागलं, आणि जानेवारीत मेक्सिकोच्या अभियोक्त्यांनी आरोपात दम नसल्याचं जाहीर करून टाकलं. मधल्या डिसेंबरात मेक्सिकोने कायदा केला की परदेशी तपास अधिकाऱ्यांनी देशात गोळा केलेली माहिती सरकारला द्यावी. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने रास्त मागणी. खबऱ्याच्या दृष्टीने फाशीचा दोर. २०२१ मध्ये एसआययू बंद झाली. तिच्यात गुन्हेगार घुसले होते, असं राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी वर्षभराने सांगितलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिनालोआ टोळीचा म्होरक्या इस्माएल ‘एल मायो’ साम्बादाने ब्रुकलिनमध्ये गुन्हे कबूल केले. अर्धशतकाच्या धंद्यात पोलिसांना, लष्करी अधिकाऱ्यांना आणि राजकारण्यांना सतत पैसे चारल्याचंही कबूल केलं. नावं घेतली नाहीत. मेक्सिकोत त्या दिवशी ब्रुकलिनपेक्षा जास्त कान टवकारले गेले असतील.

त्याआधी, २७ फेब्रुवारी २०२५ रोजी, मेक्सिकोने एकाच दिवशी २९ कैदी अमेरिकेच्या हवाली केले. त्यांत कामारेनाच्या खुनातला, आता सत्तरी ओलांडलेला कारो किन्तेरो होता, आणि त्रेविन्यो बंधूही होते. दोघा भावांवर अमेरिकेत तस्करीचे आणि टोळी चालवल्याचे आरोप आहेत. फोनचे क्रमांक डॅलसहून निघून त्यांच्या हाती पडले त्या वाटेवर जे जे हात लागले, त्यांपैकी एकावरही त्याबद्दल सीमेच्या कोणत्याच बाजूला खटला भरला गेलेला नाही.